चपला घरी आहेत

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. राग नाही, आणि भीती तर या वयात आता डासांचीच तेवढी उरली आहे. पण आमच्यात भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, नाव घेत नाहीत. अंगणात ज्या झाडाला आपण रोज पाणी घालून हात जोडतो त्याचं नाव, आणि पुढे राम. कळलं ना? झालं तर मग. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या बिचाऱ्या झाडालाही 'ओट्यावरची' म्हणत आले. एकदा खोकल्यासाठी काढा केला, तर शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, काय काय घातलं? मी म्हटलं, आलं, मिरे आणि ओट्यावरची. ओट्यावर तेव्हा आमच्या सासूबाई बसल्या होत्या.

नाव घ्यायचं नाही, उघड्या तोंडानं समोर यायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. मग एका घरात चालायचं कसं? भिंतीच्या भरवशावर चालायचं. ते आंघोळ करून आले की मी म्हणायची, "भिंती, भात वाढला म्हणा." ते म्हणायचे, "भिंती, तिले सांग, थोडा कमी वाढजो." भिंत जवळ नसली तर गाय, गाय नसली तर पाटा-वरवंटा. मधल्यानं काही ऐकलं नाही अशी तक्रार कधी आली नाही.

आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजारापासून थोडं आत. एका अंगाला तळं, तळ्याच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. या गावाचे ते सरपंच होते. नुसते होते नाही, दिसायचेही. उंची अशी की आमच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, शिरताना वाकावं लागे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मिशा कानाकडं निघालेल्या. पायात करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला. ते दिसायच्या आधी चपला ऐकू यायच्या आणि चौकातली माणसं बिड्या विझवायची. तळ्याची पाळ अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस नीट चालतो. समोरून ते आले की डोक्यावर भारा असलेली बाईसुद्धा पाळीवरून खाली चिखलात उतरायची. मी नवी होते तेव्हा हे पाहून माझा ऊर भरून यायचा. कोणाच्या घरात पडले मी, म्हणायची. वाघाच्या!

आणि वाघाची एकच डरकाळी होती: "मी आहो ना!"

रस्ता उखडला? "मी आहो ना!" शाळेत मास्तर नाही? "मी आहो ना!" कोणाची म्हैस विहिरीत पडली, तर काठावर उभं राहून तिलाही त्यांनी तेच सांगितलं. म्हैस दोरानं निघाली, दोर तेल्याचा होता, ओढणारे ढिवर मोहल्ल्यातले, मासे धरणारे लोक होते. पण गावात सांगितलं गेलं, भाऊनं म्हैस काढली; सारं गाव त्यांना भाऊच म्हणायचं.

मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात गावची लाईट गेली ती येईना. माणसं छपरीत गोळा झाली. भाऊंनी फोन काढला, कानाला लावला आणि असे ओरडले की चुलीजवळ माझ्या हातातली उलथनी पडली. "साहेब, मी बोलून राहिलो! माह्यं गाव अंधारात आहे आन तुमी तिथं पंख्याखाली बसून राहिले? मले तिकडं यायला लावू नका!" छपरीतले लोक एकमेकांकडं पाहून माना हलवत होते. साहेबाची काही खैर नाही. मी दाराआड उभी, डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. साऱ्या गावानं भाऊंना हात जोडले. मीही भिंतीला हात जोडले.

आता गंमत ऐका. आमच्या घरात फोनची रेंज कधीच येत नव्हती. साऱ्या गावाला माहीत होतं. बोलायचं तर तळ्याच्या पाळीवर जावं लागे. म्हाताऱ्या बायासुद्धा पोरींशी बोलायला हातात फोन घेऊन पाळीवर चढायच्या. छपरीत बसलेल्या एकूण एक माणसाला ते ठाऊक होतं. मलाही होतं. आणि तरी आम्ही सगळे त्या मेलेल्या फोनातून साहेबाचं थरथरणं ऐकत होतो. मला हे उमजलं तेव्हा महिने लोटले होते. दळण निवडता निवडता एकटीच खो खो हसले. सासूबाईंनी विचारलं, "काहून हसून राहिली?" सांगणार कसं? भासऱ्याचं नाव घेत नाहीत, मग भासऱ्याची फजिती कोणत्या तोंडानं घेऊ?

घरातले भाऊ निराळेच होते. जाऊबाई विचारायच्या, "वांग्याची करू काय?" ते म्हणायचे, "हो, करा ना." मग सासूबाई म्हणायच्या, "आज वांगे नको, बरबटीच्या शेंगा कर." "हो, बरबटीच करा." मग आमचे हे शेतातून यायचे, पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा, घेऊन. "वा, पोपटीच होऊ द्या!" तीन भाज्या चुलीवर चढायच्या. आम्ही म्हणायचो, केवढा मोकळ्या मनाचा माणूस. त्यांच्या जिभेला 'नाही' हा शब्दच चढत नव्हता. समोरच्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. वाघाला घाम येतो हे मी पाहिलं होतं, पण मला वाटायचं गरमी आहे.

बायांची जागा निघाली तेव्हा त्यांनी मला पंचायतीत मेंबर केलं. जाऊबाई माझ्यापेक्षा शिकलेल्या. जे असेल ते सरळ तोंडावर बोलायच्या. त्यांना नाही, मला! मी तर हवेत. आंधळगावला जाऊन कोशाचं रेशमी लुगडं घेतलं, मोरपंखी काठाचं. आरशासमोर उभी राहून भाषणाचा सराव केला: "बंधू आणि भगिनींनो". आरशातल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या मिटिंगला मी कपाळाखाली पदर ओढून बसले, भाऊ अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की ते बसलेले असताना मला बोलताच येणार नव्हतं. म्हणून तर मला घेतलं होतं. मेंबर पाहिजे होती, तोंड नको होतं. मोरपंखी काठाच्या लुगड्यात गुंडाळलेली मी एक सही होते.

मिटिंगची रीत अशी. जो बोलेल त्याला भाऊ मान हलवायचे. त्याच्या विरुद्ध जो बोलेल त्यालाही हलवायचे. आवाज चढले की टेबलावर धाडकन मूठ आपटायचे. पाण्याचा गिलास उडायचा. सगळे चूप. "होऊन जाईन! मी आहो ना!" मग चहा. दोन्हीकडचे लोक घरी जाऊन सांगायचे, भाऊ आपल्या बाजूनं आहेत. काम जिथल्या तिथं. पण मूठ काय आपटली, वा!

असं पुष्कळ वर्षं चाललं असतं. तळं आडवं आलं.

आमच्या तळ्यात मध्यावर एक मोठा गोटा आहे. त्यावर बगळा बसतो म्हणून बगळ्याचा गोटा. पाणी सोडायचं जे दार तळ्याच्या पोटात असतं त्याला तुडुम म्हणतात. धानाला पाणी लागलं की तुडुम उघडायचं, आणि बगळ्याच्या गोट्याचा पाय उघडा पडला की बंद करायचं. खाली राहिलेलं पाणी मासोळ्यांचं आणि गाईगुरांचं. हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती.

त्या वर्षी पहिल्यांदाच तळं ढिवर मोहल्ल्यातल्या बायांच्या गटाला मासे वाढवायला मिळालं होतं. गटाची मुख्य गिरजा. काळीसावळी, दातांत फट, आणि त्या फटीतून शीळ घालून कुत्र्यांना हाकलायची. माझी मैत्रीण. मागच्या दारानं यायची, टोपलीतली मासोळी दाखवून म्हणायची, "मेंबरीणबाई, तुमच्या राज्यात काई सस्तं आहे काय? हेच आहे, घ्या." बायांनी बोटाएवढी पिल्लं आणून तळ्यात सोडली होती. पुरुष पाळीवर बसून हसले होते: बायका मासे वाढवणार! गिरजा मला म्हणाली होती, "या वर्षी हे मासे जगले पायजे, माय. मेले तं पुन्हा कोनी बायायच्या हाती तळं देत नाही."

आणि पाऊस दडी मारून बसला. धान लोंबीवर आलेलं, बांध्या तडकायला लागल्या. गोट्याचा पाय उघडा पडला, तरी धानाला एक पाणी कमीच होतं.

सकाळी शेतकरी छपरीत आले. पुढे नामदेव, त्याच्या बांध्या अगदी शेवटाला. "भाऊ, गोटा गोटा करत बसलो तं लोंब्या पोचट राह्यतीन. तुडुम खुलंच राहू द्या." खोटं बोलत नव्हता तो. आमचंही धान त्याच पाण्यावर होतं. भाऊ म्हणाले, "राहू द्या ना खुलं. मी आहो ना!"

दुपारी गिरजा गटाच्या बाया घेऊन आली. "भाऊ, गोट्याखालचं पानी गेलं तं आमचे मासे गेले." भाऊ म्हणाले, "गोट्याखाली थेंब जाऊ देत नाही. मी आहो ना!"

दोन्ही वेळचा चहा मीच केला होता. संध्याकाळी ते अंगणात हात धूत होते. मी गाईला चारा टाकला आणि म्हटलं, "गाई, सकाळी एक शब्द, दुपारी दुसरा. तुडुमाले दोन तोंडं आहेत काय, इचार बरं."

त्यांनी हातावर पुन्हा पाणी घेतलं. मग गाईलाच म्हणाले, "गाई, तिले सांग, हे राजकारण आहे. तिले समजत नाही."

"गाई, पानी समजते म्हना."

त्यांनी जोरानं चूळ भरली आणि करकर करत निघून गेले. गाय माझ्याकडं पाहत राहिली.

दोन्ही पक्ष तुडुमावर भिडले तेव्हा शाळेसमोर ग्रामसभा बोलावली. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला गिरजाच्या बाया. नामदेव उठला, "भाऊनं आमाले शब्द देला." गिरजा उठली, "भाऊनं आमाले देला." आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. दोघंही चूप बसली आणि भाऊंकडं पाहायला लागली. साऱ्या गावानं पाहिलं.

भाऊ उठले. मिशीवर हात फिरवला. मूठ वर गेली, धाडकन टेबलावर आली, गिलास पडला. पाणी टेबलावरून सांडत माझ्या पायाशी आलं. "हा बायायचा प्रश्न आहे," भाऊ गरजले. "बायायले मान देल्ला पायजे. आमच्या बाई मेंबर सांगतीन, काय करायचं ते. त्या म्हनतीन ते होईन!"

टाळ्या पडल्या. वा, बायांना मान! आणि ज्या बाईला त्यांच्यासमोर तोंड उघडायची बंदी, तिच्यापुढं सारं गाव कान देऊन बसलं. मी पदराआडून पाहिलं. वाघाच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि गरमी तर तेवढी नव्हतीच.

आजूबाजूला भिंत नव्हती. गाय नव्हती. टेबल होतं. मी टेबलाला म्हटलं, "टेबला, गोट्याचा पाय दिसला की तुडुम बंद, हे सासऱ्यांच्याही आधीपासून आहे. ज्याच्या बांध्या शेवटाले आहेत त्याले आमच्या घरच्या विहिरीचं पानी देऊ, मोटर लावू. पन तुडुम आज बंद करा म्हना."

सारी सभा हसली. टेबलाशी बोलणारी मेंबर! गिरजासुद्धा फटीतून हसली. पण हसता हसता नामदेवनं विचारलं, "भाऊ, विहीर देता काय?" म्हणजे तो तयार होता. सगळं जागेवर आलं होतं. भाऊंनी फक्त 'हो, बंद करा' म्हणायचं होतं.

त्यांनी नामदेवकडं पाहिलं. त्याच्या मागं चार-सहा चेहरे उतरलेले होते. त्यांनी गिरजाकडं पाहिलं. मूठ पुन्हा वर उचलली, पण ती आपटलीच नाही. मांजर बसावं तशी हळूच टेबलावर बसली. "दोनी बाजू बरोबर आहेत," भाऊ म्हणाले. "कोनाचं नुसकान होऊ देत नाही. मी आहो ना."

पुन्हा टाळ्या पडल्या. माझे हात पदरात अडकले होते म्हणून, नाहीतर सवयीनं मीही वाजवल्या असत्या.

बंद करा म्हणणाऱ्यांना वाटलं, आता कोणी येऊन बंद करील. खुलं ठेवा म्हणणाऱ्यांना वाटलं, खुलं राहू द्या असंच म्हणाले. पाण्याला राजकारण समजत नाही. ते उताराकडं गेलं.

काही दिवसांनी सकाळीच बाहेर गलका ऐकू आला. तळ्याच्या चिखलात उरलेलं पाणी तापलं होतं आणि मासे पोट वर करून पडले होते. गिरजा डोक्यावर टोपली घेऊन आमच्या घराकडं येत होती, मागं बाया. करकर चपला छपरीच्या पायरीवर काढून भाऊ घाईनं आत आले. मागच्या खोलीत धानाची ढोली आहे, बांबूची, शेणामातीनं लिपलेली, माणसाहून उंच. तिच्या आणि भिंतीच्या मधे ते शिरले. एवढा मोठा माणूस पोट आत ओढून उभा. मी चुलीजवळून सगळं पाहत होते. त्यांनी मला पाहिलं. तोंड भिंतीकडं केलं आणि इतक्या हळू आवाजात बोलले की तसा आवाज त्यांच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं:

"भिंती... घरी नाही म्हना."

मी बाहेर आले. गिरजानं टोपली पायरीवर ठेवली. बोटाएवढे होते ते मासे हाताएवढे झाले होते. "भाऊ आहेत काय?" तिनं विचारलं.

आहेत म्हणावं तर भासऱ्याचा शब्द मोडतो. नाही म्हणावं तर टोपलीकडं पाहून जीभ वळेना. मी पायरीकडं पाहिलं.

"चपला घरी आहेत, मायबाई," मी म्हटलं.

गिरजानं चपलांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तिला कळलं. ती चपलांसमोर उकिडवी बसली.

"मंग चपलायलेच सांगते," ती म्हणाली. ओरडली नाही. तेच वाईट होतं. "चपलाहो, तुमी आमाले 'नाही' म्हनलं असतं ना, तं आमी तुडुमावर जाऊन बसलो असतो. भांडलो असतो, मार खाल्ला असता. काई तं केलं असतं. तुमी 'हो' म्हनलं म्हनून आमी घरी जाऊन झोपलो."

टोपली उचलून ती गेली. वास मागं राहिला.

भाऊ ढोलीमागून निघाले. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर वाळक्या शेणामातीचा भला मोठा पट्टा उमटला होता. ते माझ्यासमोरून गेले. मी पदर नाकापर्यंत ओढला. आजपर्यंत त्यांच्या मानासाठी ओढत होते. त्या दिवशी त्यांच्याकडं पाहवत नव्हतं म्हणून ओढला. जाऊबाईही मान खाली घालून तांदूळ निवडत राहिल्या. भाऊ चपला घालून तसेच चौकात गेले. पाठीवर पट्टा घेऊन दिवसभर गावात फिरले, दोन ठिकाणी "मी आहो ना" म्हणाले, आणि त्यांना कोणीही सांगितलं नाही. पट्टा सगळ्यांना दिसत होता. मेलेल्या फोनासारखाच.

पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. कसे म्हणून काय विचारता! आम्हीच आणले. मूठ जोरात होती ना. तळं कोण्या ठेकेदाराकडं गेलं आणि गिरजा पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला गेली. आमच्या मागच्या दारानं ती पुन्हा कधी आली नाही. रस्त्यात भेटली की हसायची, पण फट दिसेल इतकं नाही. ते लुगडं मी नेसायचं सोडलं. पेटीत आहे. नात म्हणते, आजी, मस्त व्हिंटेज आहे, मला दे. घे म्हटलं, फक्त त्यात बोलत जा.

आता भाऊंना जाऊन दोन पावसाळे झाले. शेवटचं बोलणं झालं ते तळ्याच्या पाळीवर. सरपंचकी कधीच संपली होती, जाऊबाई गेल्या होत्या, मिशा खाली आल्या होत्या. घरात रेंज अजूनही नीट येत नाही म्हणून ते पाळीवर येऊन बसायचे, मांडीवर फोन. फोन यायचा नाही. मी गुडघ्यासाठी डॉक्टरनं सांगितलं म्हणून तिकडं फिरायला जायची. त्या दिवशी तळं गच्च भरलेलं होतं. बायांच्या गटाकडं ते पुन्हा आलं होतं, बगळ्याच्या गोट्याचा माथाच तेवढा वर होता. मी रिवाजाप्रमाणं थोडं अंतर ठेवून, पाठ अर्धी फिरवून बसले. जवळ भिंत नाही, गाय नाही.

त्यांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला आणि तळ्याकडं पाहिलं.

"तलावा," ते म्हणाले, "तिले सांग. त्या दिवशी मी घरी होतो."

आयुष्यभर 'मी आहो ना' म्हणणारा माणूस. तेव्हा नव्हते, आणि आता म्हणत होते, होतो.

मी पदर कपाळावर घेतला. पाण्याला म्हटलं, "तलावा, त्यायले सांग, चपला दिसल्या होत्या."

त्यांनी मान हलवली. मग उठले. चपला आता करकरत नव्हत्या, रबराच्या होत्या. पाळीवरून हळू हळू गावाकडं निघाले. समोरून गिरजा येत होती, डोक्यावर ओली टोपली, केस पांढरे झालेले. ती नेहमीसारखी खाली उतरायला पाय वळवणार, तोच भाऊ थांबले. धोतर सावरलं, एक हात जमिनीला टेकवला आणि पाळीवरून खाली उतरले. घोट्यापर्यंत चिखलात. मान वर न करता उभे राहिले.

गिरजा क्षणभर गोंधळली. मग टोपली सावरत वरून निघून गेली. थांबली नाही.

त्यांना परत पाळीवर चढता येईना. दोनदा पाय घसरला. मला हाक मारून सांगायचं होतं, थांबा, मी येते. पण हाक कशी मारणार? नाव तर कधी घेतलंच नव्हतं.